ज्याची जागा, त्याचा झाडू

जपानहून आलेले ओगुरा साहेब पहिल्या दिवशी गाड्या जोडायच्या शेडमध्ये एका खांबाशी उभे राहिले आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिथून हलले नाहीत. कोणी खुर्ची आणून दिली, ती त्यांनी बाजूला सरकवली. चहा आला, तो उभ्यानेच प्यायला. बाकी नुसतं पाहत राहिले.

खोपोलीहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हा कारखाना होता. आधी तिथं ट्रकच्या बॉड्या बांधायचे. मग एका जपानी कंपनीशी करार झाला आणि छोट्या मालवाहू गाड्या तिथं तयार होऊ लागल्या. अजून वर्षभरानं मोटारीही करायचं घाटत होतं. सुटे भाग मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून बोटीनं येत. पण मॅनेजर राजाध्यक्षांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं की आता नुसते भाग नाहीत, कामाची पद्धतही तिकडचीच येणार आहे आणि ती शिकवायला हे साहेब वर्षभर राहणार आहेत.

ही पद्धत दिसते कशी, याचं काळूराम ओव्हाळला फार कुतूहल होतं. गाड्यांना ब्रेक बसवणाऱ्या गटाचा तो मुकादम. मूळचाच चौकस. खोपोलीच्या वीजघराचे जाडजूड नळ डोंगरावरून खाली उतरतात, त्यांतलं पाणी येतं तरी कुठून हे बघायला लहानपणी तो नळाच्या कडेकडेनं अर्धा डोंगर चढून गेला होता आणि परत आल्यावर बापाचा मार खाल्ला होता.

जेवणाच्या सुट्टीत तो दुभाषी बाईंकडे गेला. सुलभा परचुरे त्यांचं नाव. पुण्यात जपानी शिकलेल्या.

"बाई, सकाळपासनं ते काय बगतात?"

बाईंनी विचारलं. ओगुरा साहेब थोडक्यात काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, हात पाहतो. कोणाचे हात कधी रिकामे राहतात आणि का, ते."

"आनि दिसलं काय?"

"म्हणतात, अजून सगळं नाही दिसलं. उद्या दुसऱ्या खांबाशी उभा राहणार आहे."

काळूरामला हा माणूस आवडला.

पुढच्या काही आठवड्यांत शेडचं रूप पालटलं. जमिनीवर पिवळे पट्टे आखले गेले. प्रत्येकाच्या कामाची जागा त्या पट्ट्यांनी वेगळी झाली. पाने आणि हातोड्या भिंतीवरच्या फळीवर टांगल्या गेल्या आणि प्रत्येकामागे त्याचा आकार रंगवला गेला, म्हणजे जागेवर काय नाही ते लांबूनही कळावं. पण लोकांना सगळ्यात गंमत वाटली ती साहेबांच्या 'का'ची. कशाचंही कारण सांगितलं की ते त्या कारणाचं कारण विचारायचे.

एकदा त्यांनी कमळाकर भोईरला गाठलं. कमळाकर चौक गावाजवळचा, घरी भातशेती, काळूरामच्याच गटात, अगदी शेजारच्या पट्ट्यात काम करायचा.

"तुम्ही दर वेळी का वाकता?" बाईंनी साहेबांचा प्रश्न सांगितला.

"नटांची पेटी खाली हाय म्हनून."

"पेटी खाली का आहे?"

"पहिल्यापासनं तितंच ठेवतात."

"पहिल्यापासून का?"

कमळाकरनं डोकं खाजवलं. "आता आमच्या आज्यालाच इचारायला लागंल, बाई."

बाईंनी तेही भाषांतर करून सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेटी उचलून कमळाकरच्या कमरेएवढ्या उंचीवर धरली आणि त्याला नट घेऊन बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिथं लोखंडी घोडी आली. त्या दिवसापासून कारखान्यात त्यांचं नाव 'का-साहेब' पडलं.

मग झाडू आले.

राजाध्यक्षांनी फर्मान काढलं, की पाळी संपायच्या आधी लाइन थांबवली जाईल आणि त्या वेळात प्रत्येकानं आपापली जागा झाडायची. प्रत्येक जागेशी खिळा ठोकून एकेक झाडू टांगलाही गेला. नवे कोरे झाडू होते, मुठीशी लाल सुतळी गुंडाळलेले.

पहिल्या दिवशी लाइन थांबली. माणसं उभी राहिली. कोणी हात पुसले, कोणी तंबाखू मळली. झाडूला कोणी हात लावला नाही. "झाडायला कामाला लागलो काय आमी?" असं पलीकडून कोणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांच्याच मनातलं होतं. भोंगा झाला तशी माणसं घरी गेली आणि नेहमीप्रमाणे सोनाबाई आणि विठाबाई आत आल्या. कंत्राटदाराकडून झाडलोटीला येणाऱ्या या दोघी. सोनाबाई काळूरामच्याच वस्तीतली, दूरच्या चुलतभावाची विधवा. तो तिला वयनी म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळूराम आपल्या जागेवर आला आणि थबकला. त्याच्या खिळ्यावर, त्याच्या फळीला टेकून, त्याच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत गटातले सगळे झाडू आणून ठेवले होते. जो तो आपल्या कामात होता, जरा जास्तच.

काळूरामला उलगडून सांगायची गरज नव्हती. तो गटाचा मुकादम होता. कोणी त्याचं ऐकायचं नाही असं नव्हतं. डब्यातलं कालवण देणारेही त्यात होते. पण हातात झाडू घ्यायची वेळ आली तेव्हा तो कोणाच्या घरचा हे सगळ्यांना एकदम आठवलं होतं. त्याच्या कानशिलांत ऊन साचावं तसं झालं. त्यानं पाना उचलला आणि दिवसभर मान वर न करता ब्रेक बसवले. झाडू तिथंच राहिले.

संध्याकाळी सोनाबाई आली ती बघतच राहिली.

"काळू, हे समदे इतं कोनी ठेवलं रं?"

"ठेवलं कोनीतरी."

"मंग नेऊ माज्याकडं? झिजलाय माजा."

"नको वयनी. हात लावू नको."

तिसऱ्या दिवशी ओगुरा साहेब आले. झाडूंच्या त्या ढिगाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग रिकाम्या खिळ्यांकडे पाहिलं.

"ते विचारतात, सगळे इथे का आहेत?" परचुरेबाई म्हणाल्या. बाईंना कारण कळलं असावं, कारण विचारताना त्यांची नजर खाली होती.

"मला म्हाईत नाय."

"आणि तुम्ही का झाडत नाही?"

काळूरामनं एकदा कमळाकरकडे पाहिलं. कमळाकर पान्याशी खुडबुड करत होता.

"ते मी इतं सांगनार नाय," काळूराम म्हणाला. "माज्या बापाला इचारा म्हनावं."

रागात निघून गेलेलं वाक्य होतं ते. बाई क्षणभर घुटमळल्या, पण दुभाष्याचं काम म्हणून त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी खिशातून छोटं कॅलेंडर काढलं, त्यात पाहिलं आणि गंभीरपणे काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, रविवारी आलं तर चालेल का?"

घरी ही बातमी ऐकून चंद्रभागा, काळूरामची बायको, चुलीपाशीच बसली. "जपानचा मानूस? आनि खायला काय घालू त्याला? तुमाला काय हाय, बोलून मोकळे."

पण म्हातारा गोमा, काळूरामचा बाप, खाटेवर उठून बसला. त्याला एकच गोष्ट कळली होती. "म्हंजे बुद्धाच्या देशातला मानूस येतोय आपल्या घरी."

"तो गाड्यांवाला हाय, बाबा."

"असंना. हाय तर आपल्याच धम्मातला. मला त्याला इचारायचंय."

"काय?"

"ते त्यालाच इचारीन."

थंडीचे दिवस होते, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. चंद्रभागेनं पोपटी लावायचं, म्हणजे शेंगा नि अंडी मडक्यात घालून भाजायचं ठरवलं. त्याला भांडीकुंडी लागत नाहीत आणि पाहुण्याला नाहीच आवडलं तर अंडी तरी खाईल, असा तिचा हिशोब.

रविवारी दुपार कलताना कंपनीच्या जीपमधून ओगुरा साहेब आणि परचुरेबाई वस्तीवर उतरले. सगळी वस्ती दारात उभी होती. साहेबांनी बूट काढले, ओसरीवरून आत वाकून पाहिलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. पहिलीपुढे त्यांनी हात जोडले, मग दुसरीकडे बोट करून हे कोण ते बाईंना विचारलं. बाई सांगू लागल्या आणि बराच वेळ सांगत राहिल्या. साहेब मधे मधे मान हलवत होते. मग त्यांनी तिथंही हात जोडले.

गोमा खूश झाला. "तुमी रोज वंदना कोनची म्हनता, ते म्हनून दाखवा म्हनावं."

बाईंनी विचारलं तसे साहेब कानकोंडे झाले.

"ते म्हणतात, मला पाठ नाही. आमच्याकडे कोणी वारलं की भिक्षू येऊन म्हणतात. बाकी वेळी मी देवळात जात नाही."

"अरं," गोमा म्हणाला आणि थोडा विचारात पडला. "मंग आमी बरं. आमी रोज म्हनतो."

अंगणात पोपटीचं मडकं तयार होत होतं. साहेब उठून तिथंच जाऊन बसले. चंद्रभागेनं भांबुर्ड्याचा पाला मडक्यात घातला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, पुन्हा पाला, आणि तोंड गच्च बंद करून मडकं उपडं ठेवलं. उपडं का, हे साहेबांनी विचारलंच. पाणी घालत नाही का, विस्तव सगळीकडून का, शिजलं हे कळतं कसं. चंद्रभागेची भीड चेपली.

"मडक्यावर पानी शिंपडायचं," ती म्हणाली. "चर्र झालं का आत झालं."

सुका पेंढा आणि गोवऱ्या पेटल्या. सगळे त्याभोवती बसले. तेव्हा साहेबांनी बाईंकरवी गोमाला म्हटलं, तुमचा मुलगा झाडू का घेत नाही ते तुम्हाला विचारायला सांगितलं होतं.

गोमानं काळूरामकडे पाहिलं. मग सांगायला लागला.

"मी गावची चावडी झाडायचो. माजा बापबी झाडायचा. गावात ढोर मेलं का आमी वढून न्यायचं, पाटलाच्या दारातलं आमी झाडायचं. त्याच्या बदल्यात खळ्यावर भात मिळायचं, आनि शिळं अन्न."

"तुम्हीच का?"

"आमची जात ती होती म्हनून."

"जात ती का होती?"

"बाप त्या जातीचा म्हनून."

साहेब पुढचा 'का' विचारणार होते. पण गोमा म्हणाला, "साहेब, हितून पुढं तो खड्डा खाली खालीच जातो. त्याला तळ नाय. आमी बी लई इचारून बगितलं." विस्तव सारखा करत तो पुढं बोलला. "मंग छप्पन साली आमी दीक्षा घेतली. दुसऱ्या सकाळी मी चावडीवर गेलो, झाडू तितं ठेवला आनि सांगितलं, आजपासनं हे माजं काम नाय. गावानं भात बंद केलं. इहिरीवर आधी बी घेत नव्हते, आता रस्त्यावनं जाऊ देईनात. दोन पावसाळे कर्जतच्या भातगिरणीत पोती उचलून काढले. पन झाडू परत उचलला नाय. पोरालाबी तेच सांगितलं, मेला तरी दुसऱ्याचं दार झाडू नको."

परचुरेबाईंनी हे हळूहळू, थांबत थांबत सांगितलं. एका जागी त्यांना जपानी शब्द सापडेना म्हणून त्यांनी हातानं खूण केली. साहेब विस्तवाकडे पाहत ऐकत होते.

"आता माजं इचारायचं," गोमा म्हणाला. "तुमच्याकडं झाडतं कोन?"

साहेबांचा चेहरा जरा खुलला. शाळेत आमची मुलंच वर्ग झाडतात, ते म्हणाले. संडाससुद्धा मुलंच धुतात. त्यासाठी वेगळा माणूस नसतो. कारखान्यात जो यंत्रावर असतो तोच यंत्राखालचं झाडतो, कारण तिथं काय सांडलं ते त्यालाच वाचता येतं.

"समदी पोरं? श्रीमंताची बी?"

"सगळी."

गोमानं मान डोलवली. ते त्याला पटल्यासारखं दिसलं. मग त्यानं विचारलं, "आनि ढोर मेलं तर?"

बाईंनी प्रश्न सांगितला. मडक्याभोवतीचा एक निखारा साहेबांनी काडीनं आत ढकलला. बोलले ते इतकं हळू, की बाईंना पुढं वाकून ऐकावं लागलं.

"ते म्हणतात, आमच्या गावातही तशी माणसं होती. नदीपलीकडे त्यांची वस्ती होती. मेलेली जनावरं नेणं, कातडी सोलणं हे त्यांच्याकडे. त्यांच्याशी कोणी लग्न करत नसे. माझी आई मला सांगायची, पुलापलीकडे खेळायला जायचं नाही."

"का?" गोमा म्हणाला.

बाईंनी तो शब्द सांगितला नसता तरी चाललं असतं. साहेबांना तो एवढ्या दिवसांत पाठ झाला होता.

"ते म्हणतात, मी कधी विचारलं नाही."

काळूराम साहेबांच्या तोंडाकडे पाहत होता. खांबाशी तासन्‌तास उभा राहणारा, पेटी खाली का हे विचारणारा माणूस. त्याच्या गावात नदी होती, पूल होता, आणि पलीकडची माणसं इतकी वर्षं त्याला दिसत होती. काळूरामला राग आला नाही. उलट हे सांगायला साहेबांना किती जड गेलं असेल असं वाटलं. सात समुद्रांपलीकडेही अशी एक वस्ती असते हे नवंच होतं. तिथं कोण राहत असेल, कशी घरं असतील, असं काहीबाही त्याच्या मनात येऊ लागलं.

चंद्रभागेनं मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. गोमानं पहिल्या शेंगा पत्रावळीवर काढून साहेबांपुढं सरकवल्या. "खा म्हनावं. गार झाल्या का मजा नाय."

साहेबांनी भरपूर खाल्लं. जाताना त्यांनी अंगणाकडे हात करून काहीतरी विचारलं.

"हे अंगण फार स्वच्छ आहे, कोण झाडतं, असं म्हणतात."

"मी," गोमा म्हणाला. "रोज सकाळी. सून झाडते म्हनती, मी देत नाय."

काळूराम चमकून बापाकडे पाहू लागला. रोजचं बघणं होतं, पण कधी तसं पाहिलं नव्हतं.

"काय बगतोस?" म्हातारा म्हणाला. "दुसऱ्याचं दार झाडू नको म्हनलं होतं. आपलं झाडू नको असं कदी म्हनलो?"

सोमवारी काळूराम पाळीच्या आधी पोचला. झाडूंचा भारा त्यानं काखेत मारला आणि एकेक झाडू ज्याच्या त्याच्या खिळ्यावर नेऊन टांगला. माणसं येत होती, बघत होती. कमळाकरच्या खिळ्याशी तो आला तेव्हा कमळाकर समोरच उभा होता.

"ह्यो तुजा," काळूराम म्हणाला.

लाइन थांबायची वेळ झाली. काळूरामनं आपला झाडू घेतला आणि झाडायला लागला. कोपऱ्यापासून सुरुवात करून तो पिवळ्या पट्ट्यापर्यंत आला आणि थांबला. पट्ट्याच्या बोटभर पलीकडे कमळाकरच्या हद्दीत सुताचा बोळा पडला होता. त्यानं तो तसाच ठेवला.

मग त्याचं लक्ष केराकडे गेलं. धूळ, रबराचे तुकडे, आणि त्यात तांब्याची एक चकती चमकत होती. वायसर. ब्रेकची नळी चाकाशी जोडताना बोल्टच्या खाली एक आणि वर एक अशा दोन बसतात, नाहीतर तेल गळतं. काळूरामनं ती उचलून उजेडात धरली. तिच्यावर दाबाचा व्रण नव्हता. म्हणजे ती कुठंच बसली नव्हती.

पेटीतून सांडली असेल, हे एक. किंवा आज गेलेल्या एखाद्या गाडीत ती बसायची राहिली होती, हे दुसरं. ते काम दुसऱ्या कोणाचं नव्हतं, काळूरामचंच होतं.

तो बॅटरी घेऊन लाइनीवरून पुढं गेला आणि एकेका गाडीखाली घुसून पाहू लागला. काय चाललंय ते कमळाकरला कळेना. शेवटी तो मागून आला आणि वाकून म्हणाला, "काय हरवलं रं?"

"हरवलं नाय, सापडलंय. कोनाचं ते बगतोय."

त्यानं वायसर दाखवली. कमळाकर कामातला माणूस, त्याला लगेच उमगलं. तो दुसऱ्या बाजूनं गाड्यांखाली शिरला. भोंगा होऊन गेला तरी दोघं आडवेच होते. रंगाच्या शेडकडे जायला उभ्या असलेल्या गाडीखालून कमळाकरचा आवाज आला, "काळू, हितं बग."

बोल्टाच्या खालच्या बाजूला चकती नव्हती. तेल भरलं असतं आणि गाडी बोरघाट उतरायला लागली असती तर काय झालं असतं, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. काळूरामनं नळी सोडवली, दोन्ही वायसरी बसवल्या आणि पुन्हा आवळली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ओगुरा साहेबांना सांगितलं. चूक कोणाची हे साहेबांनी विचारलं नाही. विचारलं ते नेहमीचंच. वायसर का राहिली? दोन एकदम हातात येत नाहीत, कधी एकच येते. एकच का येते? डबीत सगळ्या ढीग करून असतात. ढीग का? शेवटी निघालं असं, की तारेवर दोन दोनची जोडी ओवून ठेवली तर एक विसरणं शक्यच नाही. ती तार त्याच दुपारी झाली.

कमळाकर हे सगळं ऐकत होता. संध्याकाळी लाइन थांबली तेव्हा तो आपल्या जागेकडे असा पाहत राहिला, जसं कोणी अनोळखी पाण्याकडे पाहतं. मग त्यानं इकडंतिकडं बघून झाडू उचलला. झाडता झाडता उकिडवा बसला आणि केर बोटांनी निवडू लागला, ओढ्याला लावलेल्या जाळ्यातली मासळी निवडावी तसा.

"काळू, ही क्लिप आपल्या गाडीची हाय काय रं?"

"दाव."

"आनि हा स्क्रू? हा तर दरवाजाचा दिसतो. दरवाजाचा स्क्रू माज्याकडं कसा आला?"

पलीकडच्या जागेवरून आणखी एक जण बघायला आला, मग आपल्या जागेवर गेला आणि आपला केर बघू लागला. त्या दिवशी सगळ्यांनी झाडलं असं नाही. दोघातिघांनी तर पुढं कधीच हात लावला नाही, आणि रंगाच्या शेडमध्ये तो नियम शेवटपर्यंत कागदावरच राहिला. राजाध्यक्ष साहेबांनी आठवडाभर आपली केबिन स्वतः झाडली, मग पुन्हा शिपाई झाडू लागला. पण ब्रेकच्या गटात केर ही बघायची गोष्ट झाली. निघताना कमळाकर एकदा काळूरामजवळ रेंगाळला.

"पयला झाडू मी नव्हता ठेवला तुज्याकडं," तो म्हणाला. "पन दुसरा मीच ठेवला."

"बरं," काळूराम म्हणाला. काही दिवस दोघांचं बोलणं कामापुरतंच राहिलं, मग आपोआप सैल झालं.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. महिना संपताना कंत्राटदारानं सोनाबाई आणि विठाबाईला सांगितलं की आता शेडमध्ये झाडायला बाया नकोत, कामगारच झाडतात.

सोनाबाई फाटकाशी काळूरामला भेटली. तिनं आदळआपट केली नाही. "तुमी समदे झाडायला शिकलात," ती म्हणाली. "चांगलं झालं. पन माजं काय रं, काळू?"

काळूराम तसाच मागं फिरला आणि परचुरेबाईंना घेऊन साहेबांकडे गेला. साहेब ऐकून ताडकन उठले. राजाध्यक्षांच्या केबिनीत बराच वेळ बोलणं झालं. राजाध्यक्ष म्हणत होते, त्या बाया कंत्राटदाराच्या, आपल्या नाहीत. साहेब म्हणत होते, सुधारणेमुळे ज्याचं काम संपलं त्याला दुसरं काम द्यायचं, हा या पद्धतीचाच भाग आहे. तो तेवढा कापून बाकीची घेता येत नाही. आज या दोघींना काढलं, तर उद्या कोणी सुधारणा सुचवणार नाही.

"तिकडे नेहमी असंच करतात का?" राजाध्यक्षांनी विचारलं.

"नेहमी नाही," बाईंनी साहेबांचं उत्तर सांगितलं. "पण करायला हवं."

शेवटी दोघींना दुसरं काम द्यायचं ठरलं. विठाबाईला वायरींच्या खात्यात यायला सांगितलं तर ती नको म्हणाली. तिची नजर अधू झाली होती. बारीक तारा दिसल्या नसत्या. तिला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाजी निवडायला घेतलं. सोनाबाई मात्र वायरी बांधायला बसली. गाडीच्या दिव्यांच्या रंगीत तारा लांब फळीवर खिळ्यांमधून ओढून त्यांची जुडी बांधायची, असं काम. तिथं सगळ्या बायाच होत्या. चौक, वावोशी, खालापूरकडच्या शेतकऱ्यांच्या सुना.

पहिल्या दिवशी काळूराम पाळी संपताना मुद्दाम तिकडून गेला. सोनाबाईचं काम आटोपलं होतं. तिनं झाडू घेतला आणि आपल्या फळीखालचं झाडलं. हाताला वर्षांची सवय, झाडू पिवळा पट्टा ओलांडून शेजारच्या फळीखाली गेला. शेजारी धोंडूबाई नावाची बाई होती, कमळाकरच्याच गावची. तिनं हात पुढं केला.

"राहू दे. माजं मी झाडन."

सोनाबाईचा झाडू तिथंच थांबला. काळूरामही थांबला. ती कुठल्या अर्थानं म्हणाली ते त्याला कळेना. माझी जागा माझी, म्हणून म्हणाली, की तुझा हात माझ्या जागेला नको, म्हणून? दोन्हीचे शब्द तेच झाले असते. त्यानं धोंडूबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती वाकून तारांचे तुकडे गोळा करत होती. चेहरा दिसत नव्हता.

सोनाबाईनं झाडू मागं घेतला, झटकला आणि आपल्या खिळ्यावर टांगला. मग पदरानं हात पुसत धोंडूबाईला म्हणाली, "ही पिवळी तार सारखी निसटती बग माज्याकडनं. तुजी कशी बसती गं?"

धोंडूबाईनं मान वर केली. "थांब, दावते," ती म्हणाली आणि सोनाबाईच्या फळीशी आली.